वहीतले तीन दिवस

मी वहीत खोटं लिहिलं, आणि माझा भाऊ गेला.

आज पांडूला जाऊन वर्ष झालं. वर्षभर ही गोष्ट पोटात ठेवली. आता ठेववत नाही.

पांडू माझा धाकटा. चामटोलीला भेंडी लावायचा. लिव्हरचा कॅन्सर निघाला, तसा मी त्याला शिरगावला माझ्या घरी आणला.

कॅन्सरवर रोजची गोळी होती. डॉक्टरांनी एक वही दिली. रोज ताप मोजा, लिहा. ताप आला किंवा पोटात उजवीकडे दुखलं, तर लगेच फोन करा.

वही माझ्याकडे. मी चौथी पास.

पांडू हसायचा. "दादा, तुझा अक्षर बघून डॉक्टरलाच ताप येल."

मध्ये तळपायाला फोड आले म्हणून गोळी आठ दिवस बंद होती. गाठ वाढेल या धास्तीने ते आठ दिवस आम्ही दोघं नीट जेवलो नाही.

नंतर रिपोर्ट आला. गाठ थोडी लहान झाली होती. मग तर ती गोळी म्हणजे देवच.

पुढच्या महिन्यात ताप आला. एकशे एक. बरगडीखाली हात लावू देईना.

"फोन करतो," मी म्हणालो.

"नको रं दादा. गोली परत बंद करतीन. पित्त झालंय, उतरल."

मलाही तेच ऐकायचं होतं. मी ९८ लिहिलं.

तीन दिवस.

चौथ्या दिवशी त्याला हुडहुडी भरली. सोनोग्राफीत दिसलं, पित्ताशय सुजून पू झाला होता. असं एरवी खड्याने होतं, पण खडा एकही नाही. नळी घालून पू काढला, पण इन्फेक्शन रक्तात गेलं होतं.

डॉक्टर म्हणाले, "बाबा, या गोळीने क्वचित असं होतं. पहिल्या दिवशी कळलं असतं, तर गोळी थोडे दिवस थांबवून उपचार केले असते." मग वही उघडली. "इथे तर ताप नाही?"

मी म्हणालो, थर्मामीटर बिघडला असेल.

थर्मामीटर नवा होता.

वनिता, तू पांडूची बायको. माझ्या भरवशावर शेत सांभाळत राहिलीस. तेराव्याला म्हणालीस, "भाऊजी, तुमी व्हते म्हणून मना घोर नव्हता."

मी मान खाली घातली. तुला वाटलं, रडतोय.

तोंडावर बोलायला जीभ उचलत नाही, म्हणून आधी इथे सगळ्यांसमोर लिहिलं. सकाळी वही घेऊन येतो. तुला काय बोलायचं ते बोल.

ज्यांच्या घरी अशी गोळी चालू आहे, त्यांना सांगतो, घाबरलात तरी फोन करा हो.

ते तीन आकडे मी आज खोडले. खरे लिहिले.

१०१. १०१. १०२.

पांडू, अक्षर नीट काढलंय बघ. दादाचा तुला रामराम.