सातजणींची दहावी

फ्रिजच्या दारात सॉसच्या पुड्या साठतात ना, तसे किस्से साठतात. मुद्दाम कोणी ठेवत नाही, पण फेकवतही नाहीत. आमच्या वर्गाचे तर तीन वर्षांचे साठलेत. आता पेपर झाले, वर्ग संपला, निकाल लागायचाय. तोवर हातात हेच आहे.

वर्ग म्हणजे बायकांचा. कल्याणजवळ मोहने गावातल्या एका शाळेत, वरच्या मजल्यावर, दुपारी दोन ते चार. ज्यांची शाळा मध्येच सुटली त्यांना सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसवायचं, म्हणून परांजपे बाई रिटायर झाल्यावर डोंबिवलीहून यायच्या. सुरुवातीला आम्ही अकराजणी होतो, शेवटी सात राहिलो.

माझी शाळा सातवीत सुटलेली. मग लग्न, मग स्वरा. ती दोन वर्षांची असताना मी वर्गात नाव घातलं आणि पहिल्याच दिवशी बाईंना विचारलं, "परीक्षेला मुलीला घेऊन बसता येतं का?"

"नाही," बाई म्हणाल्या. "पण अजून तीन वर्षं आहेत. तोवर सवय होईल."

"तिला?"

"तुम्हाला."

नाही झाली. सासूबाई गावी, आई गावी, आणि ह्यांची ड्युटी लांब ठाण्याला, माजिवड्याला. स्वराला तीन तास कोणाकडे ठेवायचं आणि मी पेपरला बसायचं की नाही, हा प्रश्न तीन वर्षं माझ्या दप्तरातच होता.

* * *

पहिल्या दिवसाची हजेरी.

बाईंनी आमच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यांवरून नावं काढलेली. म्हणजे सगळी माहेरची. आमच्यात लग्नात नवऱ्याने ताटातल्या तांदळावर अंगठीने नवं नाव लिहिलं की जुनं गेलं ते गेलंच.

बाईंनी हाक मारली, "यमुना पांडुरंग."

कोणी बोलेना. बाईंनी पुन्हा हाक मारली.

पहिल्या बाकावर मालतीकाकी होत्या. वय पंचावन्न, इथल्याच जुन्या आगरी घरातल्या, मुलाने बंगला बांधलेला, वर्गात त्या गाडीने यायच्या. त्या मागे वळून आमच्यावर डाफरल्या, "कोन हाय गो ती यमुना? पयल्याच दिवशी दांडी!"

बाईंनी दाखला पुन्हा बघितला. "मालतीबाई, हा दाखला तुम्हीच दिलात."

काकींनी दाखल्यात डोकं घातलं. मग एकदम, "अगो बाय! ती मीच का!"

सगळा वर्ग हसला. काकींना आला राग. "हसताव काय? चालीस वर्सांनी हाक मारली. वलखाला येल नाय का लागनार?"

* * *

मी खिडकीजवळ बसायचे. स्वरा तीन वर्षांची झाल्यावर तिला खालच्याच बालवाडीत घातलेलं आणि त्या खिडकीतून बालवाडीचं दार दिसायचं. बाई शिकवताना मधूनमधून म्हणायच्या, "फळा इकडे आहे." मी म्हणायचे, "हो बाई," आणि पुन्हा तिकडे बघायचे.

एकदा बीजगणित चाललेलं आणि खालून पोराच्या रडण्याचा आवाज आला. साधंसुधं नाही, जीव काढून. मी वही टाकली, चपला टाकल्या, दोन-दोन पायऱ्या उतरत खाली गेले. दारातूनच ओरडले, "काय झालं माझ्या पोरीला?"

बालवाडीच्या ताई एका मुलीच्या दंडावर बर्फ लावत होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग कोपऱ्याकडे बोट केलं.

रडणारी माझी नव्हती. चावणारी माझी होती!

वर आले तेव्हा बाईंनी एवढंच विचारलं, "समाधान झालं?"

* * *

भूमितीचा तास. बाईंनी फळ्यावर गणित लिहिलं. एक समलंब चौकोनी शेत आहे, त्याच्या बाजू अमुक अमुक, क्षेत्रफळ काढा.

काकींनी हात वर केला. "बाई, शेत कोनाचा हाय?"

"कोणाचं नाही. गणितातलं आहे."

"मंग सातबाऱ्यावर नाव कोनाचा?"

"मालतीबाई, नुसतं क्षेत्रफळ काढायचंय."

काकींनी पेन्सिल खाली ठेवली. "आमच्या सासऱ्यांनी असाच नुसता काढला व्हता. अजून कोर्टात हाय. वारसांच्या सह्या झाल्याबिगर मी मोजनी नाय करनार!"

आम्हाला वाटलं, आता काकी बाहेर. बाईंनी डस्टर घेतलं, फळा पुसला. दुसऱ्या दिवशी आल्या आणि लिहिलं, "मालतीबाईंच्या एकटीच्या नावावर असलेल्या, कोणाचीही हरकत नसलेल्या एका समलंब चौकोनी शेताच्या बाजू पुढीलप्रमाणे."

काकींचं उत्तर सगळ्यात आधी आलं. गुंठ्यात!

* * *

नववीच्या वर्षी बाईंनी पालकसभा घेतली. चिठ्ठ्या दिल्या, पालकांनी यावे. आम्ही म्हटलं, बाई, आमचे पालक कोण? बाई म्हणाल्या, "ज्यांना विचारल्याशिवाय तुम्ही वर्गाला येत नाही, ते."

म्हणजे नवरे आले. हे माजिवड्याहून गॅरेजमध्ये हाफ डे टाकून आले. बाकावर मावत नव्हते, गुडघे वर करून बसलेले. बाई म्हणाल्या, "तुमची मिसेस हुशार आहे, पण लक्ष खिडकीबाहेर."

हे लगेच सुरू! "बाई, घरी पण तेच. मी आलो की आधी पोरीच्या कपाळाला हात लावते, मग थर्मामीटर लावते, मग मला पाणी देते. एकदा तर पोरगी आधीच झोपून गेलेली, हिने मलाच थर्मामीटर लावला."

मी मान खाली घातली. खोटं नव्हतं.

काकींचे मालक कधीच वारलेले. काकींची पालक म्हणून कोण यावं? सून! ड्रेस घालून, पर्स घेऊन, पुढच्या बाकावर. बाईंनी प्रगतीपुस्तक पुढे केलं. सुनेने सगळे विषय वाचले, काकींकडे बघितलं आणि म्हणाली, "बाई, आईंचं गणितात लक्षच नसतं. संध्याकाळी सिरियल लागली की वही बंद. मी बोलले की उलट उत्तरं देतात."

काकी हळूच म्हणाल्या, "सई कर ना गो."

"आधी मार्क सुधारा, मग करते."

त्या आठवड्यात काकींनी सुनेला तीन वेळा जिताडा रांधून घातला. जिताडा म्हणजे आगऱ्यांकडे जावयाला घालायचा मासा! सही झाली.

* * *

रुपालीचा किस्सा तर बाईसुद्धा सांगतात. रुपाली साताऱ्याकडची, इथे तिचं छोटंसं ब्युटी पार्लर. हात फार सुंदर चालतो, पण गणितात शून्य. प्रिलिमला आली ती दोन्ही हातांवर कोपरापर्यंत मेंदी काढून.

बाई तिच्या बाकापाशी थांबल्या. "सुंदर आहे हो. कोणाचं लग्न?"

"नणंदेचं, बाई. परवा."

बाईंनी चष्मा घातला. तिचा हात हातात घेतला. मोर बघितला, कोयरी बघितली, मनगटापाशी आल्या आणि थांबल्या.

"नणंदेच्या लग्नात पायथागोरसला पण बोलावलंय?"

रुपाली खाली बघायला लागली. बाईंनी तिला उठवलं नाही, पेपर काढून घेतला नाही. फक्त लाल पेन घेतलं आणि तिच्या मनगटावर एक खूण केली. "इथे वर्ग राहिलाय. सूत्र चुकलंय तुमचं."

लग्नाच्या फोटोत तो पायथागोरस चुकीचाच आलाय.

* * *

हॉल तिकिटं आली आणि मी बाईंना सांगितलं, "मी बसत नाही. पुढच्या वर्षी बसेन."

सगळ्या माझ्यावर तुटून पडल्या.

काकी म्हणाल्या, "माझ्या सुनेकडे ठेव पोरीला."

मी म्हटलं, "काकी, तुमच्या बंगल्याला गच्ची आहे."

रुपाली म्हणाली, "माझ्या नणंदेकडे ठेव की."

"त्यांच्या दारातून रस्ता जातो."

"शेजारी?"

"त्यांच्याकडे मांजर आहे."

काकी उखडल्या. "पोरगी हाय का काचेचा गलास हाय गो तुझा?"

मला हसू नाही आलं. माझं म्हणणं मी त्यांना काय सांगणार? मी आत लिहीत बसले आणि तेवढ्यात तिला काही झालं, तर पास होऊन काय करू?

बाई हॉल तिकिटं वाटत होत्या. माझं माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाल्या, "तुमच्या यादीत माझं नाव नाही."

"तुम्ही कशाला, बाई..."

"मला गच्ची नाही. मांजर नाही. घरीसुद्धा नेणार नाही. केंद्राच्या गेटसमोर बसेन तिला घेऊन. सगळे पेपर."

आता बाईंना नाही कोण म्हणणार? तीन वर्षांत कोणी म्हटलं नव्हतं.

* * *

पहिला पेपर मराठीचा, केंद्र कल्याणला. गेटसमोर करंजाचं झाड आहे, बाई तिथे सतरंजी टाकून तयार. मी पिशवी दिली. त्यात दोन फ्रॉक, डबा, पाणी, तापाचं औषध, थर्मामीटर आणि एक कागद. कधी काय द्यायचं, रडली तर काय म्हणायचं, कुठल्या कुशीवर झोपते, सगळं लिहिलेलं.

बाईंनी कागद वाचला, उलटला, मागचंही वाचलं. "पाठपोट! निबंधाला तुम्ही कधी अर्धं पान लिहिलं नाहीत."

मग माझ्या खांद्याला धरून मला गेटकडे फिरवलं.

पाऊण तास मी लिहिलं. मग हात वर केला, बाथरूमला जायचंय म्हटलं. जिन्याच्या खिडकीतून गेट दिसायचं, पण झाडाने सगळं झाकलेलं. फांद्यांखालून फक्त सतरंजीची कड दिसत होती आणि तिच्यापाशी ओळीने ठेवलेल्या चपला. दोन मोठ्या, दोन छोट्या. मी दोनदा मोजल्या आणि परत जाऊन बसले. शेवटच्या घंटेपर्यंत उठले नाही. निबंध दोन पानं झाला.

घंटा झाल्यावर मात्र धावले. मागून काकी ओरडत होत्या, "अगो पोरी, पडशील!" रुपाली विचारत होती, पत्राचं उत्तर काय लिहिलंस. मी कुठली थांबते!

झाडाखाली पोचले. पिशवी उघडी, डबा रिकामा. बाई चष्मा काढून पलीकडे तोंड करून बसलेल्या, मांडीवर आमच्या वर्गाची हजेरीची वही, हातात स्वराचा नॅपकिन. स्वरा त्यांना चिकटून बसलेली, त्यांच्या पाठीवरून हात फिरवत.

मी धापा टाकतच ओरडले, "स्वरा! रडलीस का गं? जेवलीस का? काय झालं?"

स्वरा जागची हलली नाही. तिने तोंडावर बोट ठेवलं.

"आई, हळू बोल. बाई आत्ताच गप्प झाल्यात."