दांडीवरचा पांढरा डाग

लाकडावर तोंड नेऊन अण्णा आधी एक लांब ‘हाऽऽ’ करायचे. आपण आरशावर करतो तसं. चकचकीत लाकडावर वाफेचा पांढरा पडदा चढायचा, मग कडेकडेने विरत जायचा, आणि तो कसा विरतो ते अण्णा डोळे बारीक करून बघत राहायचे. सगळीकडून सारखा विरला तर नुसती मान हलायची. एखाद्या कोपऱ्यात रेंगाळला तर, “हितं अजून कच्चं हाय रं,” म्हणायचे आणि पुन्हा कामाला लागायचे.

आमच्या शहापुरातल्या गल्लीत लहानथोर सगळे त्यांना अण्णाच म्हणत. जातीने सुतार, पण रंधा त्यांनी तरुणपणीच सोडला होता. बेळगावच्या कॅम्पात एका गोवेकर ख्रिस्ती मिस्त्रीच्या कारखान्यात ते लाकडाला पॉलिश करायचे. साहेबांची टेबलं, कपाटं, मडमेचा पियानो, सगळं त्यांच्या हाताखालून जाई. अंगाला कायम स्पिरिटचा वास. आयुष्यात थेंब घेतला नसेल माणसाने, पण संध्याकाळी घरी येताना नाक्यावरचा नवा शिपाई हमखास अडवायचा. अण्णा निमूटपणे त्याच्या तोंडापुढे ‘हाऽऽ’ करायचे. मग शिपाई ओशाळायचा आणि अण्णा म्हणायचे, “तुमचं बी बरोबर हाय. वास तर येतोयच की.”

लढाईच्या दिवसांत सूत मिळेनासं झालं आणि आमच्या घरातले माग बंद पडले. मी लग्न झालेला, कर्ता माणूस. दिवसभर मोकळ्या मागापुढे बसून राहणं जमेना. एका सकाळी अण्णांच्या दारात जाऊन उभा राहिलो आणि मला हे काम शिकवा म्हणालो. त्यांनी माझे हात उलटेपालटे करून पाहिले. “हात मऊ हायत. चालंल,” म्हणाले. मग जरा थांबून, “पर आमच्यात आलास तर रोज भाईर आंघोळ करावी लागंल. घरात इचार,” असं म्हणाले.

त्याचं कारण सांगायला हवं. त्या कारखान्यात मेलेल्या साहेबांच्या पेट्याही तयार होत. कॅम्पातल्या इस्पितळात कुणी गोरा गेला की मिस्त्री पेटी ठोकायचा आणि अण्णा तिला पॉलिश करायचे. आमच्या गल्लीला तेवढं पुरेसं होतं. अण्णांच्या हाताला मढ्याचा विटाळ, अशी समजूत होऊन बसली होती. भांडण कुणाचं नव्हतं. गप्पा मारायचे, तंबाखू द्यायचे, पण लग्नातला चौरंग किंवा घरातला देव्हारा त्यांच्याकडे कुणी पॉलिशला देत नसे. त्यांची विधवा थोरली बहीण घर सांभाळायची, तीसुद्धा संध्याकाळी पाण्याची घागर घेऊन उंबऱ्याबाहेर उभी राही. अंगावर पाणी घेतल्याशिवाय आत घेत नसे. थंडीत कुडकुडत अण्णा म्हणायचे, “आक्का, आज नुसती खुर्ची हुती गं.” आक्का म्हणायची, “हात त्योच न्हवं?” आणि घागर ओतायची.

मी त्यांच्याबरोबर कारखान्यात जाऊन शिकायला लागलो. काम दिसायला सोपं होतं. लाखेचे पापुद्रे स्पिरिटमध्ये विरघळवायचे, बाटली उन्हात ठेवून अधूनमधून हलवायची, मलमलीतून गाळून घ्यायची. कापसाचा बोळा जुन्या मऊ धोतराच्या फडक्यात गुंडाळायचा, त्याला आतून हे पाणी पाजायचं, खाली बोटाने तेलाचा टिपूस लावायचा आणि लाकडावर गोल गोल फिरवायचं. एक हात चढला की सुकू द्यायचा, पुन्हा दुसरा. बस्स, एवढंच. आणि एवढं मला वर्षभर जमलं नाही.

माझी खोड मागाची होती. विणकराचा हात या काठापासून त्या काठापर्यंत जातो आणि काठाला क्षणभर थांबतो. तसा मी बोळा नेऊन कडेला थांबवायचो. थांबला की ओला बोळा खालच्या थराला चिकटायचा आणि उचलताना सगळं सोलून निघायचं. अण्णा कपाळाला हात लावायचे. “अरं मर्दा, लुगडं इणतोयस व्हय? हात थांबवू नको. फिरत ये, फिरत जा. थांबायचं वाटलं तर उचल, पर लाकडावर थांबू नको.” दिवसातून किती वेळा ऐकलं असेल. झोपेतसुद्धा माझा हात गोधडीवर गोल फिरतो, असं बायको सांगायची.

पेटीचं काम ते मला देत नसत. स्वतः करत, आणि फार मन लावून करत. एकदा एका कोवळ्या वयाच्या सोल्जराची पेटी होती. संध्याकाळी ती जमिनीत जायची होती, तरी अण्णा तिच्या खालच्या बाजूलाही बोळा फिरवत होते. मला राहवलं नाही. “अण्णा, मातीत जायचंय ते. तळ कोण बघतंय?”

“म्हणूनच की,” ते म्हणाले. हात चालूच होता. “त्याची आई हितं न्हाय. हेच्यावर शेवटचा हात फिरवणार कोण मग?”

मी बाटली हलवून त्यांच्या हाताशी ठेवली.

अण्णांच्या मनात एकच गोष्ट होती, आणि ती सगळ्या गल्लीला ठाऊक होती. आमच्या गल्लीत देवीचं लहानसं देऊळ आहे. देवीची शिसवी पालखी अण्णांच्या वडिलांनी घडवलेली. पुढच्या बाजूला वाकवलेली दांडी, कठड्यावर वेलबुट्टी, सगळं त्या माणसाच्या हातचं. पण वर्षानुवर्षं तेल आणि काजळी बसून तिचा पार काळा ठोकळा झाला होता. अण्णा सांगायचे, “आत शिसवीची रेघ हाय रं, जांभळी. बानं नीट बघून फळी लावलीया. मला एकडाव ती भाईर काढायची हाय.” दर दसऱ्याच्या आधी ते पंचांकडे जायचे आणि पंच दरवेळी म्हणायचे, पुढच्या वर्षी बघू.

माझा हात जरा बसला त्या वर्षी पंचांनीच पालखी पॉलिश करायची ठरवली, आणि काम मला दिलं. मी कधी पेटीला हात लावलेला नव्हता, हे त्यांनी विचारून घेतलं. वर नवी बाटली, नवं फडकं आणायला सांगितलं. अण्णांचा जुना बोळा डब्यात जपून ठेवलेला असे, मुरलेला, हाताच्या आकाराचा. तो त्यांनी मला द्यायला काढला होता. पंचांचं ऐकून पुन्हा डब्यात ठेवला आणि झाकण घट्ट लावलं.

मला वाटलं होतं ते रागावतील. ते फक्त एवढंच म्हणाले, “मी पायरीवर बसतो. आत येत न्हाय.”

आणि खरंच बसले. देवळाच्या बाहेरच्या पायरीवर, दाराला पाठ करून. त्यांना आत दिसत नव्हतं, पण बोळ्याचा आवाज येत होता. बोळा ओला असला की आवाजच होत नाही, सुकत आला की बारीक चर्र चर्र करतो. तेवढ्यावरून ते मला चालवत. “आता सुकला, पाणी पाज. तेल लई झालं. कठड्यापाशी गेलास न्हवं? बोटानं दाब, तळव्यानं नको.” मी काजळी उतरवली, थरावर थर चढवले. एका दुपारी दारातून ऊन आलं आणि दांडीत खोल आत जांभळी रेघ उमटली. मी ओरडलो, “अण्णा, रेघ निघाली!” त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. “कुठवर जातीया?” म्हणाले. “वाकणापर्यंत,” मी म्हणालो. ते पाठमोरेच हसले. हसताना त्यांचे खांदे हलायचे, म्हणून कळलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी काम संपलं. संध्याकाळी थोरले पंच आले. त्यांना आम्ही आप्पा म्हणायचो. वाईट माणूस नव्हता. पालखी बघून त्यांना भरून आलं. पण पुजाऱ्याने शंका काढली, की इतके दिवस अण्णा पायरीवर बसले होते, सावली आत पडली असली तर? आप्पांनी विचार केला आणि शुद्ध करून घ्या म्हणाले. पुजाऱ्याने भरपूर गोमूत्र आणि पाणी शिंपडलं आणि दार लावून घेतलं. मी तेव्हा घरी गेलो होतो.

ज्यांनी कधी लाखेचं काम केलं नाही, त्यांना सांगतो. ओल्या पॉलिशवर पाणी पडलं की ते आत मुरतं आणि तिथे पांढरं फुटतं. त्यातून बाहेर पावसाची भुरभुर, हवा दमट. सकाळी दार उघडलं तेव्हा पालखीच्या अंगावर कोडासारखे डाग होते. गल्ली जमली. कुणी म्हणालं, देवी कोपली. कुणी म्हणालं, मढ्याच्या हाताची विद्या, दुसरं काय होणार? पालखी निघायला थोडाच अवकाश होता.

अण्णा आले ते पायरीखाली थांबले. तिथूनच मला विचारलं, “बोट फिरवून बघ. खडबडीत लागतंय?”

“न्हाय. गुळगुळीत हाय.”

“मग वरवरचं हाय. जातंय.” मग ते आप्पांकडे वळले. इतक्या वर्षांत त्यांनी कुणापुढे हात जोडलेले मी पाहिले नव्हते. “आप्पा, ह्ये काम याच्या हाताचं न्हाय अजून. स्पिरिटाचा नुसता वास दाखवून बोळा फिरवायचा असतो. जरा जास्ती झालं तर सगळं उतरंल. मला एकडाव आत येऊ द्या. बाची पालखी हाय. एक हात फिरवतो नि भाईर येतो.”

आप्पा खाली बघत राहिले. शेवटी म्हणाले, “अण्णा, तू आमचाच हाईस. पर आज दसरा हाय. मी एकट्यानं कसं हो म्हणू?”

अण्णांनी मान हलवली. वाफ सगळीकडून सारखी विरल्यावर हलवायचे तशीच. मग ते पायरीवर बसले, आणि मला म्हणाले, “चल. सुरू कर.”

मी बोळा उचलला. पायरीवरून त्यांचा आवाज येत होता, स्थिर. “हलकं. अजून हलकं. माशी बसल्यावानी. फिरत जा. थांबू नको, थांबू नको.” एकेक डाग विरत गेला. कठडा साफ झाला, पाय साफ झाले, दांडीवर आलो. वाकणाखाली शेवटचा डाग होता. तिथे आलो आणि बाहेरचा आवाज बंद झाला. मी वाट पाहिली. काही ऐकू येईना. मान वळवून दाराबाहेर पाहिलं.

या वेळी अण्णा दाराकडे तोंड करून बसले होते. डोळे मिटलेले, आणि उजवा रिकामा हात पायरीच्या दगडावर गोल गोल फिरत होता. येत होता, जात होता. ओठ हलत होते, पण आवाज फुटत नव्हता.

माझा हात थांबला. उचलला तेव्हा त्या जागी बोळ्याचा पांढुरका ठसा उमटलेला होता.

पालखी वेळेवर निघाली. गुलाल उडाला, त्यात तेवढा डाग कुणाच्या लक्षात आला नाही. शिलंगणाहून परत आल्यावर सगळ्यांनी रीतीप्रमाणे अण्णांना सोनं दिलं. आप्पांनीही आपट्याचं पान त्यांच्या ओंजळीत वरून सोडलं. अण्णांनी ते कपाळाला लावलं. मग मला बाजूला घेऊन विचारलं, “एक ऱ्हायला न्हवं?”

“व्हय. तुम्हाला कसं कळलं?”

“बोळा थांबल्याला ऐकू आलं.” मग पान कनवटीला लावत म्हणाले, “ऱ्हाऊ दे. आता त्याला हात लावू नकोस.”

त्यानंतर त्यांनी पालखीचं नाव काढलं नाही. कामावर जात होते, पण खोकल्याने धरलं होतं. थंडी संपता संपता एका पहाटे आक्काने माझं दार वाजवलं. गल्ली सगळी आली. खांदा द्यायला कुणी मागे सरलं नाही. मयताला शिवायचं म्हटल्यावर विटाळ सगळ्यांना सारखाच, घरी जाऊन सगळ्यांनीच आंघोळ करायची. चार हिरवे बांबू होते, त्यांच्या गाठीसुद्धा नीट तासलेल्या नव्हत्या. इतक्या परक्या पोरांच्या पेट्यांचे तळ उजळणारा माणूस त्या खरबरीत बांबूंवरून गेला. मला ते फार लागलं. अजूनही लागतं.

आक्काने त्यांचा डबा मला दिला. आतला बोळा वाळला होता. स्पिरिट पाजलं तर पुन्हा मऊ झाला.

दसऱ्याआधी पालखीला हात मारायचं काम अजून माझ्याकडेच आहे. पंच बदलले, आप्पाही गेले. नव्या पंचांपैकी कुणीतरी दरवर्षी वाकणाखाली बोट दाखवून विचारतं, एवढा डाग का निघत नाही? मी सांगतो, लाकडातच आहे. काढायचा म्हटला तर आता मला सहज निघेल. पण फिरत फिरत तिथवर आलो की मी अण्णांचा बोळा उचलतो आणि पलीकडे जाऊन टेकवतो. काम संपलं की दांडीवर तोंड नेऊन एक लांब ‘हाऽऽ’ करतो. वाफ चढते, कडेकडेने विरत जाते, खालून जांभळी रेघ वर येते. वाकणाखालची तेवढी जागा पांढरी राहते.