शिकागोची सावड

पुणं चांगलं की शिकागो, असं कुणी विचारलं की मी आधी घड्याळ बघते. त्यांचे सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आमची संध्याकाळ संपत आलेली असते. हिंजवडीतल्या ऑफिसातून भूगावच्या पुढे, आमच्या गावात पोचायला मला दीड तास लागतो. तिकडे म्हणे तेवढ्या वेळात माणूस दुसऱ्या राज्यात जातो. जाऊ दे! त्यांचं तळं समुद्राएवढं असेल, पण ते थंडीत गोठतं. आमचं मुळशीचं धरण असले चाळे करत नाही.

रोज सकाळी नऊला, म्हणजे त्यांच्या नऊला, आमच्या कंपनीचे शिकागोचे लोक मीटिंग घेत. इथे संध्याकाळचे साडेसात वाजलेले असत आणि मी घरी, आतल्या खोलीत लॅपटॉपसमोर. नवरा पिरंगुटच्या कारखान्यात दुपारपाळीला, त्यामुळे आमची पहिलीतली लेक सासऱ्यांजवळ. ती नऊला झोपते. मीटिंग आटपून मला तिच्यासाठी अर्धा तास तरी मिळायचा. पण नोव्हेंबर आला की तिकडे घड्याळं तासभर मागे करतात. त्यांचे नऊ नऊच राहतात, आमचे साडेआठ होतात आणि माझा अर्धा तास जातो. असे चार हिवाळे मी निमूट काढले.

गेल्या नोव्हेंबरात लेकीने शाळेत म्हणायची कविता आजोबांना ऐकवली, मला नाही. मीटिंग संपवून मी खोलीबाहेर आले तेव्हा ती झोपली होती. मला रडू आलं आणि रागही.

"घड्याळ मागं केलं म्हंजी? कुनालाबी करता येतं व्हय?" सासऱ्यांनी विचारलं. मग म्हणाले, "आन ते कवा येनार तुज्या येळंला?"

आमच्याकडे भाताची लावणी सावडीने होते. आज आम्ही तुमच्या खाचरात, उद्या तुम्ही आमच्या. सावड मागायची नसते, समोरचा आपणहून येतो. मी चार वर्षं त्याच भरवशावर बसले होते, हे तेव्हा लक्षात आलं. शिकागोला हे कोण सांगणार?

"त्यांस्नी ठावं न्हाई, तर सांग की. त्यात लाज कसली?" सासरे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी मीटिंगमध्ये सांगितलं. आवाज जरा चढलाच. एक आठवडा आम्ही रात्री बसू, एक आठवडा तुम्ही. आमचे सकाळचे साडेसात म्हणजे तुमचे रात्रीचे आठ.   मग तिथली प्रमुख बाई म्हणाली, की चार वर्षांत हे आमच्या डोक्यातच आलं नाही, चूक आमची.

पुढच्या मंगळवारी सकाळी ती जेवणाचं ताट घेऊनच पडद्यावर आली. सासरे दारातून बघत होते. मला दोनदा बढती मिळाली तेव्हा ते नुसते "बरं झालं" म्हणाले होते. त्या दिवशी मात्र दूध घालायला गेले आणि डेअरीवर सगळ्यांना सांगून आले, "आमच्या सुनंनं अमेरिका सावडीला आनली."

मी गालातल्या गालात हसले, पण दिवसभर माझी मान ताठ होती.

रात्री साडेआठला मी लेकीच्या अंथरुणाशी गेले. सासरे नेहमीसारखे तिच्या उशाशी बसलेले. तिने माझ्याकडे बघितलं, लॅपटॉप कुठे दिसतोय का ते बघितलं, आणि त्यांना हाताने ढकलत म्हणाली, "आजोबा, तुमी जावा आता. आई आलीया."