कारखानीसांची काळी बीड

चांगल्या साहेबाचे किस्से आठवावे लागतात. आमच्या डॉ. कारखानीसांचं तसं नाही. डोंबिवली एमआयडीसीतल्या त्या लॅबमध्ये मी पंच्याऐंशीच्या आसपास लागलो आणि पहिल्याच दिवसापासून ते साचत गेले. आता कुणी जुना सोबती वर्तकनगरला घरी आला, की चहा उकळायच्या आत एक तरी बाहेर पडतोच.

*

साहेबांकडे त्यांच्या संशोधनपेपरांची टाइप केलेली यादी असायची. माझ्या इंटरव्ह्यूत त्यांनी एकच प्रश्न विचारला, "माझे कुठले पेपर वाचलेत?"

मी म्हटलं, "अजून एकही नाही."

त्यांनी यादी माझ्यापुढे सरकवली. "मग लॅबमध्ये काय करणार?"

नंतर कळलं, की लॅबमध्ये साहेबच काही करत नाहीत. सहा वर्षांत, एक प्रसंग सोडला तर, त्यांच्या हातात मी चहाच्या ग्लासाखेरीज काचेची वस्तू पाहिली नाही.

*

करायची ती सुनंदा भोईर. ठाण्याच्या कोळीवाड्यातली, एमएस्सी, हाताला कमालीची स्वच्छ. धातूची संयुगं बनवायचं आमचं काम. त्यातली बरीचशी हवा लागली की मेलीच, म्हणून सगळं नायट्रोजनखाली चालायचं. चार दिवस खपून तिने पिवळेधमक स्फटिक काढले. साहेब पाहुण्यांना घेऊन आले आणि नीट दिसावेत म्हणून बूच उघडून फ्लास्क त्यांच्या नाकाखाली धरला.

पाहुणे बघेपर्यंत पिवळ्याचं तपकिरी झालं.

"सुनंदा," साहेब म्हणाले, "तुझा माल शुद्ध नाही."

ज्या विषयातले ते तज्ज्ञ म्हणून मिरवत, त्याची ही पहिली इयत्ता!

*

पेपरवर तिचं नाव कधीच नसायचं. शेवटी आभारात एक ओळ, तीही ज्या वर्षी जागा उरेल त्या वर्षी. एकदा टायपिस्टचे आभार होते, हिचे नव्हते. छापील नावाशिवाय कंपनी तिला असिस्टंटची सायंटिस्ट करणार नव्हती. तिने तसं स्पष्ट सांगितलं.

"विज्ञानात नाव नसतं, काम असतं," साहेब म्हणाले. यादी समोरच होती. मला त्या माणसाची तेव्हा खरोखर किळस आली.

*

टेंभी नाक्याजवळ एका मंडळाने साहेबांचा सत्कार केला. भाषणात ते लोकांना समजावत होते, "कॅटॅलिस्ट म्हणजे काय? तो नुसता हजर असतो, काम होतं, आणि स्वतः जराही झिजत नाही."

सुनंदा माझ्या कानात म्हणाली, "स्वतःचीच ओळख करून देतायत रे."

*

मग निकेल आलं. कॅटॅलिस्ट म्हणून पॅलेडियम या महागड्या धातूचं काम साधं निकेल करतं, असा साहेबांचा मोठा शोध. सुनंदाला मात्र दिसलं, की रिअ‍ॅक्शन एकाच बीडने जमते. बीड म्हणजे फ्लास्कमध्ये फिरणारा, ढवळायचा छोटा चुंबक. ही बीड आधी पॅलेडियमच्या कामात वापरून काळी पडलेली. नवी टाकली की सगळं ठप्प. म्हणजे काम करत होतं ते बीडला चिकटलेलं पॅलेडियम. तिने हे रजिस्टरमध्ये सरळ लिहिलं.

साहेबांनी लाल शाईत शेरा मारला, "अनावश्यक तपशील," आणि खाली झोकदार सही केली. पेपर छापून आला, त्यांच्या एकट्याच्या नावाने.

मग बाहेरच्या लॅबांची पत्रं येऊ लागली. कुणालाच काही जमत नव्हतं. शेवटी मासिकाने चूकदुरुस्ती मागितली, तेव्हा साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. मी तिथेच होतो.

"सुनंदा, या वेळी तुझं नाव घालू. एकटीचंच."

ती बाहेर गेली, रजिस्टर घेऊन आली आणि लाल शेऱ्याचं पान उघडून टेबलावर ठेवलं.

"दोघांची घालू सर. तुम्ही सीनियर, तुमचं आधी."

काळ्या बीडच्या खुलाशासकट दुरुस्ती छापून आली. दोन नावांनी.

*

त्याच वर्षी सुनंदाचा प्रमोशनचा इंटरव्ह्यू झाला. समितीत मधोमध कारखानीस. मिनिट्स लिहायला मी कोपऱ्यात. तिच्या यादीत एकच नोंद होती.

बाहेरून आलेल्या वयस्कर परीक्षकांनी चष्मा वर केला. "एवढंच? आणि तीही चूकदुरुस्ती?"

"हो सर," सुनंदा म्हणाली. "पण ही कुठल्याही लॅबमध्ये करून बघा. बरोबरच येते."

परीक्षकांनी मान वळवून कारखानीसांकडे पाहिलं, आणि त्यांच्यापुढची ती लांबलचक यादी हळूच स्वतःकडे ओढून घेतली.