एक जूनचा खातेदार

पस्तीस वर्षांच्या नोकरीतल्या बऱ्याच केसेस आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. कुठला आरोपी कल्याणचा आणि कुठला भिवंडीचा, याचाही माझा घोळ होतो. हे एक प्रकरण मात्र पहिल्या पत्रापासून शेवटच्या सहीपर्यंत लख्ख आठवतं. त्यात खून नव्हता, दरोडा नव्हता, आणि शेवटी ज्याची चूक उघडकीला आली तो मीच होतो. नावं कुणाचीच लिहीत नाही, माझं तर मुळीच नाही.

नोकरीची शेवटची दोन वर्षं मी ठाण्यात एका टेबलावर काढली. आयुष्यभर गस्त, नाकाबंदी आणि गणपतीचा बंदोबस्त केलेल्या माणसाला टेबल म्हणजे शिक्षा वाटते. माझ्या टेबलाचं काम असं होतं. दहशतवादाला पैसा पुरवणाऱ्यांची एक आंतरराष्ट्रीय यादी असते, ती दिल्लीहून खाली येते. प्रत्येक बँक आपले खातेदार त्या यादीशी ताडून पाहते. एखादं नाव जुळलं की बँक व्यवहार थांबवते आणि आम्हाला कळवते. मग तो माणूस खरोखर यादीतलाच आहे का, हे मोजक्या दिवसांत तपासून अहवाल द्यायचा. अहवालात ‘जुळते’ लिहिलं की खातं गोठतं, ‘जुळत नाही’ लिहिलं की सुटतं. काम महत्त्वाचं आहे, याबद्दल मला आजही शंका नाही. बॉम्ब ठेवणारा एकटा नसतो. त्याच्या खोलीचं भाडं भरणारा, तिकीट काढून देणारा कुणीतरी मागे असतोच, आणि त्याला पकडायचा रस्ता बँकेतून जातो.

मी निवृत्त होणार त्या वर्षी, मे महिन्याच्या सुरुवातीला, डोंबिवलीतल्या एका बँकेचं पत्र आलं. एका खातेदाराचं नाव यादीतल्या नावाशी जुळत होतं. वडिलांचं नाव जुळत होतं. जन्मतारीखही जुळत होती, एक जून, आणि सालसुद्धा तेच. हे गृहस्थ दोन वर्षं आखातात राहून आलेले होते. यादीतला माणूसही मूळचा महाराष्ट्रातला आणि आता त्याच बाजूला कुठेतरी दडलेला असावा, अशी नोंद होती. योगायोग असा की ती तारीख आणि ते साल माझंही होतं. ‘जुळा भाऊ सापडला’ असा विनोद मी टेबलावर केला, सगळे हसले, मीही हसलो. तिथेच थांबून विचार करायला हवा होता. पण पत्रावर आवक क्रमांक पडला होता आणि दिवस मोजायला सुरुवात झाली होती.

मी एक उपनिरीक्षक आणि दोन शिपाई जीपने त्यांच्या पत्त्यावर, डोंबिवलीला लागून असलेल्या कोपरच्या एका चाळीत पाठवले. स्वतः गेलो नाही. दुपारी चारच्या सुमाराला, सगळी चाळ दारात बसलेली असताना, त्यांनी त्या गृहस्थांना जीपमध्ये बसवून ठाण्याला आणलं. चाळीत त्यांना सगळे चाचा म्हणत, म्हणून मीही तेच म्हणतो. मूळचे रायगडकडच्या खाडीकाठचे. मानपाड्याच्या बाजूला एका कापड कारखान्यात कामाला होते. कारखाना बंद पडला तेव्हा मिळालेली रक्कम बँकेत ठेवली होती आणि घरी मशीनवर शाळांचे गणवेश शिवत होते.

“जन्मतारीख?” मी विचारलं.

“एक जून.”

“नक्की?”

“कागदावर तीच आहे, साहेब.”

‘कागदावर’ हा शब्द तेव्हा माझ्या कानावरून गेला, आत शिरला नाही.

“आखातात कशाला गेलेलात?”

“शिलाईला. तिकडच्या लोकांचे लांब झगे शिवायचो. आई आजारी पडली, परत आलो. नंतर गेलोच नाय.”

“पैसे कुणाला पाठवायचात?”

“आईला. दुसरं कोण होतं?”

नवीन भरती झालेल्या पोरांना मी शिकवायचो की निर्दोष माणूस गडबडतो आणि सराईत शांत राहतो. चाचा शांत होते, एवढ्यावरच माझा संशय दुणावला. शिवाय ते सारखे भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. मी विचारलं, “कुणाची वाट बघताय?”

“साहेब, लोकांच्या घराच्या चाव्या माझ्याकडे राहिल्यात. गडबडीत खिशातच आल्या. सहाला माणसं कामावरून येतील. कुणाला तरी पाठवून द्या ना, माझं राहू दे.”

त्यांनी खिशातून जुडगा काढून टेबलावर ठेवला. सात-आठ चाव्या, प्रत्येकीला वेगळ्या रंगाची कापडाची चिंधी. माझ्या पोलिसी डोक्याला त्यातही काळंबेरं दिसलं. ‘इतरांच्या घरांच्या चाव्या जवळ बाळगतो’ असं मी जबाबात लिहून घेतलं आणि पुढचा प्रश्न विचारला. सात वाजता त्यांना सोडलं. चाव्या त्यांच्याच हातात दिल्या, ते आपले आपण घरी पोहोचेपर्यंत नऊ वाजले. तोवर सात-आठ कुटुंबं कुलूपबंद दारांबाहेर पायरीवर बसून होती.

दुसऱ्या दिवशी मी अहवाल लिहिला: प्राथमिक पडताळणीत जुळते. खातं गोठलं. माझ्या मनाला टोचणी वगैरे काही लागली नाही. रात्री व्यवस्थित जेवलो.

आमच्या कार्यालयात बाळकुमच्या एक हवालदारबाई होत्या. घर तिथल्या जुन्या भूमिपुत्रांचं, आवाज खणखणीत, हिशेब चोख. मे महिना म्हणजे निवृत्तीचा महिना, त्यामुळे निरोप समारंभाची जबाबदारी दरवर्षी त्यांच्या गळ्यात. त्या यादी घेऊन आल्या.

“साहेब, हार किती सांगू? एकतीस तारखेला पुन्हा रांगच हाय. तुम्ही, दोन जमादार, तो ड्रायव्हर, कॅन्टीनवाले काका.”

“एवढे एकाच दिवशी कसे?”

“कसे म्हंजे? सगळे एक जूनचे. मास्तरांनी एका दिवसात अख्खा महाराष्ट्र जन्माला घातला, नाय का? तुमचा खरा वाढदिवस तरी माहीत हाय का तुम्हाला?”

त्या हसत बाहेर गेल्या आणि मी खुर्चीत तसाच बसून राहिलो. माझा खरा वाढदिवस मला माहीत नाही. आई सांगायची, गौरी बसल्या होत्या त्या दिवशी तू झालास. वडील मला शाळेत घालायला गेले तेव्हा मास्तरांनी दाखला मागितला. दाखला नव्हता. मास्तरांनी माझ्याकडे एकदा नखशिखान्त पाहिलं, साल अंदाजे ठरवलं आणि शाळा जूनमध्ये उघडते म्हणून एक जून टाकलं. माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांची तारीख तीच होती. आमच्या पिढीत ही गोष्ट इतकी घरोघरची की तिच्याकडे कुणी बघतही नाही. मीही बघितलं नव्हतं. यादीतला माणूसही इकडचाच, तोही कुठल्यातरी मास्तरांसमोर उभा राहिला असणार. ज्या तारखेला मी सर्वांत मोठा पुरावा मानला होता, त्या पुराव्यावर मला स्वतःलाही अटक करता आली असती.

तारीख बाजूला ठेवली तेव्हा उरलं काय? एक नाव, जे त्यांच्या समाजात गल्लोगल्ली सापडतं, आणि आखातातली दोन वर्षं, जी कोकणच्या प्रत्येक दुसऱ्या घरात कुणीतरी काढलेली असतात. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचा हा प्रकार झाला होता आणि अहवालाखाली सही माझी होती.

यादीतल्या माणसाला फार पूर्वी दुसऱ्या राज्यात एकदा अटक झाली होती. म्हणजे त्याच्या दहा बोटांचे ठसे कुठेतरी असणारच. ते मी पहिल्याच दिवशी मागवायला हवे होते. ‘जुळते’ लिहिणं सोपं होतं, म्हणून मागवले नव्हते. आता वरिष्ठांकडे गेलो आणि सांगितलं की माझा अहवाल कच्चा आहे, फेरतपासणी करायची आहे. ते म्हणाले, “निवृत्तीला पंधरा दिवस राहिलेत. कशाला हात दाखवून अवलक्षण करून घेताय?” पण ठसे मागवायच्या पत्रावर त्यांनी सही केली. तेवढ्यासाठी मी त्यांचाही आभारी आहे.

चाचांचे ठसे घ्यायला या वेळी मी स्वतः गेलो, साध्या कपड्यांत, हवालदारबाईंना बरोबर घेऊन. एका खोलीचं घर. मशीनवर धूळ बसली होती, कारण कापड आणायला पैसे काढता येत नव्हते आणि गणवेशांच्या ऑर्डरी दुसरीकडे गेल्या होत्या. दाराजवळ भिंतीला एक फळी होती. फळीवर ओळीने खिळे आणि प्रत्येक खिळ्याखाली खोलीचा क्रमांक. सगळे खिळे रिकामे होते, फक्त एकाला एक चावी.

“पैशाचं काय, होईल कसंतरी,” चाचा म्हणाले. “पण वीस वर्षं ही चाळ माझ्याकडे घर सोपवून कामाला जायची. त्या दिवसापासून कोण चावी देत नाय. बोलत कोण काय नाय. नुसतं देत नाय.”

ती एकुलती चावी शेजारच्या अंगणवाडीच्या बाईंची होती. बौद्ध कुटुंबातल्या, नवरा नसलेल्या, आणि कुणाला न भिणाऱ्या. आमची चाहूल लागताच त्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

“माझ्या दोन मुली ह्या खोलीत अभ्यास करून मोठ्या झाल्या,” त्या मला म्हणाल्या. “तुम्हाला कागदावरून कळत नाय ते आम्हाला रोज दिसतं. विचारायला तर यायचं होतं.”

हवालदारबाईंनी शाईची पेटी उघडली आणि मी चाचांची दहाही बोटं कागदावर टेकवून घेतली.

आठवडाभरात ठशांचा अहवाल आला. एकही बोट जुळत नव्हतं. मी नवा अहवाल लिहिला, आधीचा का चुकला तेही कारणांसह लिहिलं, आणि कागदी घोडे स्वतः हाकत वरपर्यंत नेले. खातं खुलं करण्याचा आदेश महिनाअखेरीस हातात पडला. चाचांना बोलावून प्रत दिली. त्यांनी ती दोनदा वाचली, घडी केली आणि म्हणाले, “मेहरबानी, साहेब. पण जीप दुपारी चारला आलेली. सगळ्या चाळीनं बघितलेली. हा कागद घेऊन मी कुणाकुणाच्या दारात जाऊ?”

माणूस रागावून बोलला असता तर बरं वाटलं असतं. ते अगदी साधेपणाने विचारत होते.

एकतीस मेला संध्याकाळी पाच वाजता माझा निरोप समारंभ होता. सूर्यास्तानंतर मी कुणालाही काही सरकारी सांगू शकणारा माणूस उरणार नव्हतो. हवालदारबाईंना सांगितलं, मला उशीर होईल, हार पाण्यात ठेवा. पूर्ण वर्दी घातली, तीच जीप घेतली आणि चार वाजता कोपरला चाळीच्या आवारात उतरलो. जीप बघून लोक दारात आले, काही मागे सरले. चाचा उंबऱ्यात उभे होते, चेहरा पांढरा पडलेला. त्यांना वाटलं पुन्हा न्यायला आलो.

मी आदेश वाचून दाखवला. मग कागद खाली केला आणि म्हणालो, “हा माणूस निर्दोष आहे. त्या दिवशी चूक पोलिसांची झाली. पोलिसांची म्हणजे माझी. मी पुरतं बघितलं नाही.”

मग अंगणवाडीच्या बाईंचा आवाज आला. “साहेब, जरा मोठ्यानं. शेवटच्या खोल्यांना ऐकू नाय आलं.”

मी पुन्हा सगळं वाचलं, परेडवर हुकूम देतात तेवढ्या आवाजात. ‘चूक माझी’ हेही दुसऱ्यांदा म्हणालो. एक म्हातारे गृहस्थ पुढे आले आणि चाचांच्या खांद्यावर नुसता हात ठेवून उभे राहिले. बाकीचे हळूहळू घरात गेले. मला वाटलं होतं टाळ्या वगैरे होतील. तसलं काही झालं नाही, आणि ते योग्यच होतं.

मी निघालो तर चाचांनी थांबवलं. माझ्या खांद्याच्या पट्टीचं बटण दोऱ्यावर लोंबत होतं. “आज शेवटचा दिवस ना तुमचा? असे जाणार?” ते म्हणाले. “आत या. अंगावर शिवू नये, शर्ट काढा.”

अशा रीतीने नोकरीच्या शेवटच्या तासात मी बनियनवर चाचांच्या खाटेवर बसलो होतो आणि माझी वर्दी त्यांच्या मांडीवर होती. मी म्हणालो, “चाचा, मला माफ करा.” सुईत दोरा ओवताना त्यांनी वर पाहिलं नाही. म्हणाले, “न्यायला येणारे लय असतात, साहेब. परत सांगायला कोण येतं? तुम्ही आलात. झालं.”

तेवढ्यात पलीकडच्या खोलीतली एक बाई दारात आली. संध्याकाळच्या पाळीला निघाली असावी. बनियनवर बसलेला पोलीस अधिकारी बघून ती गडबडली, तोंडाला पदर लावून हसली, आणि फळीवरच्या खिळ्याला चावी अडकवून म्हणाली, “चाचा, मुलगी सातला येईल क्लासवरनं. तिला द्या.” चाचांनी “हो” म्हटलं आणि दात लावून दोरा तोडला. मग वर्दी झटकून माझ्या हातात दिली.

ठाण्याला तासभर उशिरा पोहोचलो. भाषणं झाली, शाल-श्रीफळ मिळालं. या प्रकरणाने मला एवढंच शिकवलं की कागद जुळला की माणूस बघायला स्वतः जावं, शिपायाला पाठवून भागत नाही. आणि चुकलो तर ज्या वेळी, ज्या लोकांसमोर चुकलो, तिथेच जाऊन सांगावं. हे शिकायला मला पस्तीस वर्षं लागली आणि फी भरली ती दुसऱ्याने. त्याने माझ्याकडे काही मागितलं नाही. उलट मी चारचौघांत नीट दिसावं याची काळजी केली. त्या घराचा मी जन्मभर ऋणी आहे.