माडीच्या खालची सीमा

रखमाजीबाबा गेल्याची बातमी मला पाटोद्याच्या बाजारात लागली. दुकानाच्या कामासाठी मी तिकडे गेलो होतो आणि कापडाचे गठ्ठे उतरवून घेत होतो. बीडकडून आलेल्या एका गाडीवानाने बैल सोडता सोडता सांगितले, "मुनीम, तुमच्या माडीखालचा म्हातारा गेला की. काल सकाळी." ऐकताक्षणी मला दुःख झाले असे लिहिले तर ते खरे होणार नाही. दुःख नंतर झाले, वाटेत, गाडीत. आधी मनात आले ते एवढेच, की काल आमच्या घरची माणसे जिना चढताना कोणाला सांगून चढली असतील?

हा प्रश्न वाचकांना चमत्कारिक वाटेल. पण रखमाजीबाबा आणि आम्ही इतकी वर्षे एकाच घरात राहिलो, ते खाली आणि आम्ही वर, आणि आमच्यामधला सगळा व्यवहार त्या एका प्रश्नात आहे. ते धनगर. शेळ्या-मेंढ्यांचा व्यापार करीत. पुष्कळ वर्षांपूर्वी त्यांनी बीडमध्ये एका दोन मजली घराचा खालचा भाग विकत घेतला. ते घर मूळचे दोन भावांचे. वाटणीत थोरल्याला खालचे आले, धाकट्याला माडी. थोरल्याने आपला भाग रखमाजीबाबांना विकला, धाकटा हैदराबादला नोकरीस गेला आणि माडीला कुलूप लागले. ती माडी मी घेतली. तलवाड्याच्या शेतातला माझा वाटा धाकट्या भावाला देऊन घेतली, त्यामुळे ती हातची गेली असती तर माघारी जायला जागा उरली नव्हती.

आणि ती हातची जाण्याचा संभव होता. दलाल बाबूमियाँनी दस्त झाल्यावर मला ते सांगितले. आधी सांगितले असते तर मी सौदाच केला नसता, हे त्यांना ठाऊक असावे. शुफा म्हणून एक हक्क आपल्याकडे चालतो. ज्याची भिंत, वाट किंवा जिना विकलेल्या घराशी सामाईक आहे त्याने म्हटले, की त्याच किमतीला मीच घेतो, तर घर त्याला जाते. विकत घेणाऱ्याने पैसे परत घ्यायचे आणि बिऱ्हाड उचलायचे. मात्र त्यात एक मेख आहे. बाबूमियाँ म्हणाले, "सुनतेच बोलना पडता, मुनीमजी. खबर कान में पडी, उठ के बोलना, मैं मांगता. बीच में पानी पिया, हात का काम पूरा किया, तो हक गया." मी विचारले, मग त्यांना कळवायचेच नाही, असे करता येणार नाही का? त्यावर त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की तो प्रश्न मी पुन्हा कधी कोणाला विचारला नाही.

आम्ही दोघे गेलो तेव्हा रखमाजीबाबा ओसरीत उकिडवे बसून एका मेंढीला औषध पाजत होते. डाव्या हाताने तिचा जबडा वर धरलेला, उजव्या हातात बांबूचे नळकांडे. बाबूमियाँनी सलाम केला आणि सरळच सांगितले की माडी विकली गेली, घेणारे हे मुनीमजी. माझे सगळे लक्ष म्हाताऱ्याच्या ओठांकडे. त्यांचा मुलगा सोपान लग्नाचा झालेला होता, आणि त्याच्यासाठी ही माडी घ्यायचे त्यांच्या मनात आहे असे गल्लीतले लोक म्हणत. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिले, चांगले पायापासून डोक्यापर्यंत. मग पुन्हा मेंढीकडे वळले. नळकांडे रिकामे केले. तिचा गळा चोळला. नळकांडे धुतले, आढ्याला खोचले, हात धुतले, धोतराला पुसले... आणि मग म्हणाले, "बसा की. उभे कावून?"

मी बसलो.

"मानसं किती हायेत घरात?" त्यांनी विचारले. मी सांगितले, आम्ही दोघे, आई आणि तीन मुले. "लेकरं पळत्यात का चालत्यात?" मी म्हटले, एक रांगते, दोघे पळतात, पण मी त्यांना ताकीद देईन. "ताकीद कशाला? पळू द्या की. माळवदाची माती पडंल जरा डोक्यावर. टक्कलच हाय." गल्लीच्या तोंडाशी आल्यावर बाबूमियाँनी कपाळाचा घाम पुसला आणि म्हणाले, "घर आपको भेड ने दिलाया. उसका शुकर करो."

मी हिशेबाचा माणूस आहे. कबजा मिळाल्यावर मी सुताराकडून गज मागून आणला आणि माडी मोजायला घेतली; खण, तुळया, खिडक्या, सगळे. रखमाजीबाबा जिन्याच्या तोंडाशी येऊन पाहत राहिले. "मुनीम, घर हाय ते. दुकानातलं कापड न्हाई. कुनी फाडून न्हेत न्हाई." मी हसून मोजत राहिलो. मोजून झाल्यावर दस्त पुढे घेऊन बसलो आणि मग माझ्या ध्यानात आले. दस्तात चतुःसीमा लिहायचा परिपाठ आहे. पूर्वेस गल्ली, पश्चिमेस अमक्याची भिंत, दक्षिणेस तमक्याचे माळवद, उत्तरेस मोकळी जागा. चारी दिशा अगदी बिनचूक होत्या. लिहिणाऱ्याने आयुष्यभर जमिनीवरची घरे लिहिली होती, आणि जमिनीवरच्या घराला चार सीमा पुरतात. माडीला खालीही सीमा असते, ती कोणी लिहिली नव्हती. त्यामुळे जिन्याचाही उल्लेख नव्हता. जिना रखमाजीबाबांच्या ओसरीतून निघत होता. म्हणजे कागदाप्रमाणे मी अशा घराचा मालक झालो होतो, ज्यात पक्ष्याखेरीज कोणाला हक्काने जाता येत नव्हते.

मी तसाच खाली गेलो. म्हटले, बाबा, जिन्याने जाण्या-येण्याचा हक्क एका कागदावर लिहून द्या, लागेल तो खर्च माझा. ते घोंगडीवर पडलेले होते, उठून बसले.

"लिवून कशाला? मी कवा अडीवलं का?"

"अडवलं नाही. पण उद्याचं कोणी सांगावं?"

"लिवून दिलं तर तुमी काय करताल, सांगू? खाली मान घालून सरळ वर जाताल. हक्काचाच जिना, कुनाशी कशाला बोलायचं! मंग हितं मी बसलोय का मेलोय, कुनी बघायचं?" जरा थांबून म्हणाले, "न्हाई लिवायचं. बोलून जायचं. चढताना बोलायचं, उतरताना बोलायचं. बोलणाऱ्याला जिना हाय. न बोलणाऱ्यानं शिडी लावावी."

मला तो करार मुळीच पसंत नव्हता. ज्याला पुरावा नाही त्या गोष्टीवर झोपणे माझ्या स्वभावात नाही. पण माडीत जायला दुसरी वाटच नव्हती. तेव्हापासून आमच्या घरातले प्रत्येक माणूस पहिल्या पायरीशी थांबून "बाबा, वर जातो" किंवा "बाबा, येतो जाऊन" म्हणू लागले. माझ्या आईला प्रथम ते कमीपणाचे वाटले. "आपल्या घरात जायला परवानगी कसली रे?" ती मला म्हणे. पण महिन्याभरात तीच पायरीवर बसून त्यांच्याशी तासभर बोलू लागली. पाहुणे आले की त्यांनाही आम्ही शिकवून ठेवत असू. एकदा माझे मेहुणे न बोलता भरभर चढून आले, तर खालून आवाज आला, "मुनीम, तुमच्या माडीत मुका मानूस शिरलाय, बघा बरं!" मेहुणे खाली गेले, राम राम करून पुन्हा चढले.

त्या बोलण्याचे त्यांना एवढे का, याचा थोडा अंदाज मला नंतर आला. आम्ही येण्यापूर्वी माडी कित्येक वर्षे रिकामी होती. बायको वारलेली, सोपान कळप घेऊन डोंगराकडे. "वर पारवे फिरायचे," ते एकदा म्हणाले. "पारव्याच्या पायाचा आवाज कसा असतोय, ठावं हाय का? आयकायला लई गप बसावं लागतंय." आमच्या पावलांचे आवाज त्यांना पाठ झाले होते. कोण उठले, कोण रुसून कोपऱ्यात गेले, त्यांना छतावरून कळे. एका सकाळी मी उतरताना त्यांनी मला थांबवले. "पोरगी पाय वढती आज. ताप हाय का बघा." पोरगी म्हणजे आमचे कुटुंब. मी म्हटले, काही नाही, उठून स्वयंपाक करते आहे. "पाय वढती म्हंतो ना मी!" मी परत वर गेलो. अंग भाजत होते तिचे. त्या आजारातून ती उठली ती वेळेवर हकीम आणल्यामुळे, असे हकीम स्वतःच म्हणाला.

या सगळ्या वर्षांत एक प्रश्न मला सुटला नाही. त्या दिवशी ते का बोलले नाहीत? मी मनात जमा-खर्च मांडून पाहिला. त्यांना हक्क ठाऊक नसेल, पण बाजारात इतकी वर्षे वावरलेला माणूस! ऐपत नसेल, तर तेही नाही. त्याच साली त्यांनी मोठा कळप घेतला होता. मेंढीच्या नादात भान राहिले नसेल... हेच मला त्यातल्या त्यात पटे. मी सरळ विचारूनही पाहिले. एकदा म्हणाले, "मेंढीनं तोंड उघडलेलं, मी बी उघडलं असतं तर औशीद कुनाच्या घशात गेलं असतं?" दुसऱ्यांदा म्हणाले, "आमाला काय कळतंय बाबा कायद्यातलं." तिसऱ्यांदा त्यांनी मलाच विचारले, "मी बोललो असतो तर तुमी कुठं गेला असतात?" मी म्हटले, काही सांगता येत नाही. "मंग झालं तर," म्हणाले आणि चिलीम भरायला घेतली. ते उत्तर होते की नव्हते, हे मला आजही सांगता येणार नाही.

पाटोद्याला निघालो त्या दिवशी ते ओसरीतल्या बाजेवर पडून होते. महिनाभर अंथरुणालाच होते. मी म्हटले, "बाबा, येतो जाऊन." त्यांनी डोळे न उघडता विचारले, "वर सांगितलंस का?" एरवी ते मला अहो-जाहो करीत. मी म्हटले, हो, सांगितले. "मंग जा." एवढेच.

दिवसकार्य झाले, पाहुणे गेले. सोपानचे मन बीडमध्ये कधी रमले नव्हते. तो घर विकणार हे गल्लीला माहीत झाले आणि आमच्या घरात बोलणे कमी झाले. धान्याचा एक व्यापारी घर पाहून गेला. त्याला कोठारासाठी जागा हवी होती. ओसरीला समोरून भिंत घालून फळ्यांचे दार बसवायचे, असे तो कोणाला म्हणाल्याचे आमच्या कुटुंबाच्या कानावर आले. ती मला म्हणाली, "म्हणजे आपण शिडी लावायची का?" जिन्याचा कागद माझ्याजवळ नव्हता, आणि ज्याच्याशी बोलून ठरले होते तो माणूस नव्हता.

मग एका संध्याकाळी मी दुकानातून आलो तो ओसरीत सोपान आणि बाबूमियाँ बसलेले. बाबूमियाँ आता फार थकले आहेत, काठी घेऊन चालतात. माझ्या एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्यात तेलाचा बुधला. सोपान उठला, पुढे आला आणि काही न बोलता पिशवी माझ्या हातातून घेतली. बुधला घेऊन कोपऱ्यात ठेवला. मला वाटले, जवळच्या माणसासारखे करतो आहे. मग तो माझ्यासमोर उभा राहिला.

"मुनीमकाका, खालचं घर इकलं. त्या धान्यवाल्याला. आजच सौदा झाला."

बाबूमियाँनी काठी हलकेच जमिनीवर आपटली. मला कळायच्या आत माझ्या तोंडून निघाले, "मी मागतो. त्याच किमतीला. मी मागतो!" इतक्या मोठ्याने, की आमचे कुटुंब वरून धावत जिन्यात आले.

"सुन लिया," बाबूमियाँ म्हणाले. "मैं गवाह."

सोपान हसला. मी त्याच्यावर चिडलोच. म्हटले, अरे, मलाच का विचारले नाहीस आधी?

"तुमी कवा मागितलं, काका? इतक्या वर्सांत एकडाव तरी? बाबा म्हनलेते, त्यो मुनीम समदं मोजंल, मागनार न्हाई. तू कुनाला बी इक. पर खबर द्यायची ती त्याचे हात रिकामे करून द्यायची. हातात काय बी असलं तर त्यो आधी त्ये नीट ठिवत बसंल आन् हक्क घालवंल."

मी बाबूमियाँकडे पाहिले. ते छताकडे पाहत होते.

"म्हणजे त्यांना ठाऊक होतं?" मी विचारले. "त्या मेंढीच्या दिवशी?"

"ती मेंढी!" सोपान म्हणाला. "तिला काय झालंतं? गल्लीत दलाल दिसला तवा बाबानं तिला वढून घेतली म्होरं. गुळाचं पानी पाजीत व्हता."

मी ओसरीतच खाली बसलो. असे का केले, हे सोपानलाही सांगता आले नाही. पारव्यांचे मी मनात आणले, पण ती माझी समजूत आहे, पुरावा नाही. किमतीची जुळवाजुळव मी कशी केली ते सांगण्यात अर्थ नाही, जुळली. व्यापारी कुरकुरला आणि दुसरीकडे गेला. नव्या दस्ताच्या वेळी लिहिणाऱ्याने चतुःसीमा विचारल्या. मी चारच सांगितल्या. वर आम्हीच होतो. पाचवी सांगायला उरलीच नव्हती.

ओसरी आम्ही आहे तशी ठेवली आहे. बाज आहे, आढ्याला ते बांबूचे नळकांडे आहे. जिना आता कागदोपत्री आमचा आहे आणि कोणाला विचारायचे कारण उरलेले नाही. परवा बाजार करून आलो, दोन्ही हात भरलेले होते. पहिल्या पायरीशी थांबलो. हातातले सगळे खाली ठेवले आणि म्हणालो, "बाबा, वर जातो."