नायकाची खोली खाली

रायपूर राजधानी झालं, त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मला तिथे सरकारी नोकरी लागली. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिलीच. वडील जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचे. माझ्या नेमणुकीचा कागद त्यांनी उलटा धरून बराच वेळ पाहिला, आणि कुणी हसलं नाही.

शंकर नगरातल्या एका भाड्याच्या बंगल्यात आमचं ऑफिस होतं. नवीन राज्य, जागा कुठे होत्या? माझं टेबल स्वयंपाकघरात, ओट्याला लागून. आवक-जावकची रजिस्टरं मसाल्याच्या कप्प्यात. पण ऑफिसला निदान छप्पर होतं. मला खोलीच मिळत नव्हती. एकट्या मुलीला सगळे नाही म्हणायचे. शेवटी ब्राह्मणपाऱ्यात एका मराठी काकांनी दार उघडलं, माझं गाव विचारलं आणि आत वळून ओरडले, "अवो, आपल्याकडचीच पोट्टी आहे. चहा ठेवा." काका-काकूंचं मी आजही देणं लागते, आणि ते फिटणारं नाही.

काका रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेले, माझ्यासारखेच विदर्भातून आलेले. त्यांच्या बैठकीत देवांच्या वरच्या खिळ्यावर एका जुन्या नटाचा सही केलेला फोटो होता. नटाचं नाव मी लिहीत नाही. मारामारीआधी डावी भुवई उचलायचा, एवढं पुरे. हा फोटो तिथे वर्षातले सहाच महिने असायचा. दसऱ्याला तो पुरानी बस्तीत मास्तरांकडे जायचा आणि गुढीपाडव्याला परत यायचा. मास्तर म्हणजे काकांचे जुने दोस्त, चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. त्यांचं घराणं भोसल्यांच्या काळापासून रायपुरात. मराठी बोलताना वाक्य कधी हिंदीत संपेल त्याचा नेम नाही.

दोघांच्या तरुणपणी त्या नटाची गाडी रायपूर स्टेशनात थांबली होती. काकांनी खिशातला फोटो पुढे केला, मास्तरांनी पेन. तेव्हापासून वाद.

"फोटो माझा होता."

"और सही? ती काय तुझ्या बोटानं झाली? पेन माझं होतं, भैया."

म्हणून सहा-सहा महिने. हे पंचवीसेक वर्षं सुरळीत चाललं. मग त्या वर्षी श्रावणात मास्तरांनी सांगितलं की मुलगा पुण्याला कायमचं बोलावतो आहे, पुढच्या आठवड्यात निघायचं. आता फोटो सहा महिन्यांनी पुण्याहून कोण आणणार? तो एकाकडेच राहायला हवा, आणि कुणाकडे हे ठरवायला दोघांपैकी एकही चालणार नव्हता.

"जो खरा भक्त, त्याचा फोटो," काका म्हणाले.

"हव. पण ठरवेल कोण?"

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी रिकाम्या वेळी कोडी तयार करते हे काकूंना माहीत होतं, म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. हा नाद मला शाळेत लागला. आमच्या नगरपालिकेच्या शाळेत जुनी मासिकं यायची, त्यांतलं कोड्यांचं पान मी सोडवायची. उत्तरं पुढच्या अंकात असायची आणि पुढचा अंक कधीच यायचा नाही.

मी दहा कोडी केली. अक्षरं उलटसुलट केलेली सिनेमांची नावं, जोड्या लावा, वर्तमानपत्रातून कापलेल्या पाच भुवयांपैकी त्याची ओळखा. माझी इतकी तयारी परीक्षेलाही नव्हती. रविवारी सकाळी पोहे झाल्यावर दोघे बैठकीच्या दोन टोकांना पाठ करून बसले. काकू मध्ये, कुणी कुणाचं बघू नये म्हणून.

नऊ कोडी झाली आणि दोघे बरोबरीत. भुवई दोघांनीही एका क्षणात ओळखली होती. दहावं मी वाचून दाखवलं:

"एका लॉजमध्ये तीन मजले, दर मजल्यावर एकच खोली. नायकाची खोली खाली. खलनायकाची खोली नायिकेच्या खोलीच्या वर. चोरीचा हार खलनायकाच्या खोलीत आहे. तो आणायला नायकाला किती जिने चढावे लागतील?"

काकांनी लिहिलं: दोन. बरोबर. तळमजल्यावर नायक, मध्ये नायिका, वर खलनायक.

मास्तरांनी लिहिलं: एकही नाही.

"हारला!" काका उठलेच. "मास्तर, हारला तू!"

"कसा? खोली खाली आहे ना? म्हणजे खोलीत कोणी नाही. हीरो तर निकल गया. तो आधीच वर पोचला आहे."

"अरे, खाली म्हंजे खाली! तळाले!"

"खाली म्हणजे रिकामी. आणि तूच सांग, तो आजपर्यंत कोणत्या सिनेमात वेळेवर आपल्या खोलीत सापडला? व्हिलनला वाटतं हा झोपला असेल, आणि हा त्याच्याच पलंगावर बसलेला!"

हे खरं होतं, आणि काकांना ते माहीत होतं. तरी ते म्हणाले, "पोरीनं मराठीत लिहिलं आहे. मराठीत खाली म्हंजे रिकामं नाई होत."

"होते की," काकू म्हणाल्या. "काल तुम्हीच बोंबलले, चिवड्याचा डब्बा खाली झाला म्हणून. मग डब्बा काय तळमजल्यावर गेला होता?"

मास्तर इतके हसले की त्यांना ठसका लागला. काका माझ्याकडे वळले. "तू सांग. तुझं कोडं आहे."

माझ्या मनात तळमजला होता, ही गोष्ट खरी. पण कागदावर ते नव्हतं. आमच्या गावाकडेही आई म्हणायची, बादली खाली कर. मला हे सुचायला हवं होतं. अर्धा-अर्धा गुण दिला असता तर कुणीच दुखावलं नसतं, पण फोटो लटकलेलाच राहिला असता आणि मास्तरांची गाडी तीन दिवसांवर आली होती. समोर मला खोली देणारा माणूस उभा होता.

"काका, तुमचं उत्तर मी योजलेलं आहे," मी म्हटलं. "मास्तरांचं उत्तर त्या नटाला ओळखणाऱ्याचं आहे. आणि पैज भक्त कोण याची होती."

दोन दिवस काका माझ्याशी बोलले नाहीत. नळाला पाणी आलं की पूर्वी मला हाक मारायचे, आता नुसती बादली वाजवायचे. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः फोटो उतरवला, जुन्या टॉवेलात गुंडाळला आणि स्टेशनवर नेऊन मास्तरांच्या मांडीवर ठेवला. "खिडकीकडे धरू नको, भिजेल," एवढंच म्हणाले.

पंधरा दिवसांनी पुण्याहून फोन आला. मी तिथेच होते. मास्तरांचा आवाज बाहेरपर्यंत ऐकू यायचा. फोटो लावला, म्हणाले, पण सून विचारते, हे तुमचे कोण?

काकांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "ओळखत नाई? मग परत पाठव! जिथं त्याले कोणी ओळखत नाई तिथं तो कायले राहील?"

"असं कसं? तिला शिकवू ना."

"एक महिना देतो. परीक्षा मी घेईन."

म्हणजे मी. मी नवीन दहा कोडी काढली. या वेळी एकेक शब्द हिंदीतून आणि मराठीतून तपासला, ऑफिसातल्या दोघांना वाचायला दिला, मग स्वच्छ अक्षरात उतरवून काढलं. पाकीट बंद करण्याआधी काकांनी शेवटी स्वतःच्या हाताने अकरावा प्रश्न टाकला. मी तो वाचला नाही; मोठ्या माणसाचं लिहिलेलं काय तपासायचं!

महिना संपायच्या आत सुनेचाच फोन आला. दहा प्रश्नांची उत्तरं तिने घडाघड सांगितली, त्यांतली आठ बरोबर. मग अकराव्यापाशी थांबली आणि काहीतरी विचारलं. काकांनी फोनवर हात ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"ते म्हणते, काहून म्हणजे काय? पुण्यात काहूनले काय म्हणतात व?"

"का," मी म्हटलं.

"काहूनले, काहूनले!" मला नीट ऐकू आलं नाही असं त्यांना वाटलं.

"हो काका. 'का' म्हणतात. 'काहून गेला' म्हणजे 'का गेला'."

"बस? एवढंसंच?" त्यांना तिची कीव आली असावी. हात काढून ते फार मायेने म्हणाले, "बेटा, नायक पहिल्याच भेटीत नायिकेवर का चिडतो, असं विचारलं आहे."

पलीकडून उत्तर आलं. काका ऐकत राहिले, आणि त्यांची स्वतःची डावी भुवई हळूच वर गेली.

"चिडतच नाई," ते मला म्हणाले. "ते म्हणते, तो चिडल्याचं नाटक करते, खरा चिडला असता तर भुवई वर गेली असती." मग फोनमध्ये: "मास्तरले दे... हं, मास्तर. फोटो राहू दे तिथंच."